मापटं

"ताई, तुमच्या नि पेशंटच्या रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाल्या.

एरवी ताईंनी हे ऐकून घेतलं नसतं. या प्रयोगशाळेत रक्त तपासता तपासता त्यांचे केस पिकले, पण त्यांची चूक काढायची कुणाची बिशाद नव्हती. पेशंटच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागतं. ते पहिल्यापासून ताईंचंच. दंड पुढे करून म्हणायच्या, "घ्या, अस्सल माल!" म्हणून सगळे त्यांना मापटं म्हणत, आणि ताईंना त्याचा राग येण्याऐवजी ऐटच वाटे.

तपासणी तशी समजायला सोपी. पांढऱ्या पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरून कोण आलं ते ओळखणारे. रंग लावला की त्यांचे हिरवे ठिपके दिसतात. परकं कुणी भेटलं की पेशीच्या आतली रसायनं निरोप घेऊन धावतात, आणि विखुरलेले ठिपके सरकत सरकत एका टोकाला जमतात, शाळा सुटल्यावर पोरं फाटकाशी जमावीत तसे.

आज ताईंच्या पेशींवरचे ठिपके जागचे हलत नव्हते.

"माझंच चुकलं असेल," ताई म्हणाल्या. मॅडमनी चमकून वर बघितलं. ताई आणि चूक कबूल करतात?

नवा रंग काढला, ताईंचं रक्त पुन्हा घेतलं. मॅडमनी बाही वर करून आपलंही दिलं. मॅडमचे ठिपके बघता बघता एका टोकाला गेले. ताईंचे ढिम्म. शिवाय पेशीही नको तितक्या जास्त.

ताईंनी मायक्रोस्कोपमध्ये स्वतः डोकावून बघितलं.

"अहो, पण मी ठणठणीत आहे! साधी सर्दी नाही मला!"

"आत निरोपच पोचत नाहीये, ताई," मॅडम म्हणाल्या. "आजच मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर. घरी कळवू का?"

ताई स्टुलावर बसल्या.

"मॅडम, गेल्या आठवड्यातली ती शिलाईवाली... तिचे ठिपके रेंगाळत होते. माझेही तेव्हा तसेच होते, म्हणून आपण तिला ठीक आहे सांगून घरी पाठवलं."

मॅडमनी तिला बोलवायला फोन उचलला. ताईंनीच तो हातातून घेतला.

"हॅलो, लॅबमधून बोलतेय. जरा येऊन जाता का आज? परत एकदा बघायचंय... नाही हो, घाबरू नका. मी आहे ना इथे."