परत न आलेली शाल

मी एक जुनी शाल आहे. मित्रांनो, नुसती शाल म्हणू नका, सत्काराची शाल म्हणा. पालमजवळच्या आमच्या गावात चार वर्षे ज्याचा ज्याचा सत्कार झाला, तो मलाच पांघरून झाला.

यंत्रमागावर माझा जन्म झाला. माझ्या बहुतेक बहिणींना कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास घेत दिवस काढावे लागले. मी मात्र किशनरावांच्या हाती पडले. किशनराव म्हणजे गावातले बडे शेतकरी आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन. कुणाचा मुलगा तलाठी झाला, कुणाच्या बोअरला पाणी लागले, की ते लगेच मला घेऊन हजर. फोटो निघाला की त्यांचा माणूस योगीराज मला उतरवून पुन्हा घडी घाली. लोकांनाही ही रीत ठाऊक होती. ते आपणहून खांदा झुकवून मला परत करत.

फोटो ग्रुपवर पडला की अंगठे येत. पूर्वी कुणी अंगठा दाखवला की माणूस चिडायचा, आता दाखवला नाही की चिडतो. किशनराव तर फोन लावून विचारत, "फोटू टाकून दोन घंटे झाले, बघितला न्हाई का?" खोटे कशाला सांगू, ते सगळे अंगठे मला माझ्यासाठीच वाटत. मला मान असती तर ती नक्की ताठ झाली असती.

मागच्या एप्रिलमध्ये किशनरावांचा वाढदिवस आला. त्या दिवशी स्वतःच मला पांघरून घ्यायचे आणि तो फोटो तालुकाभर फिरवायचा, असा त्यांचा बेत होता. त्याआधी मोठेपणाचा एक फोटो हवा, म्हणून आदल्या दिवशी बायनाबाईंचा सत्कार ठरला. बायनाबाई बारा वर्षांपासून एसटीच्या थांब्यावर रांजण भरून ठेवतात.

"माजा कशाला सत्कार?" त्या लाजून म्हणाल्या. "पानी तर आडाचं हाय."

फोटो निघाला. योगीराजने हात पुढे केला, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि बायनाबाई मला काखोटीला मारून निघाल्यासुद्धा. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि असल्या सत्कारांना त्या कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळे परत करायची रीत त्यांना माहीतच नव्हती. दिलेली वस्तू दिलेली असते, एवढेच त्यांना ठाऊक. इकडे किशनराव फोटोखाली 'मायेची शाल देऊन सन्मान' असे लिहिण्यात गुंग होते.

वाढदिवसाच्या सकाळी ते योगीराजला घेऊन लगबगीने थांब्यावर आले. तेव्हा मी कुठे होते? पाणी गार राहावे म्हणून बायनाबाईंनी मला ओली करून रांजणाला गुंडाळले होते. मी, सत्काराची शाल, आणि पोत्याची जागा! किशनरावांना पाहून माझा जीव भांड्यात पडला.

"बायनाबाई, ती शाल जरा..." किशनरावांनी सुरुवात केली.

तोच बसची वाट पाहणाऱ्या धुरपदाबाई म्हणाल्या, "हीच का तुमी दिलेली शाल? सुनेनं फोटू दाखिवला. सत्काराची शाल घरी गेलेली पैल्यांदाच बघितली बाई!"

थांब्यावरचे सगळे कौतुकाने किशनरावांकडे पाहू लागले. त्या फोटोला रात्रीतून दोनशे अंगठे आले होते. आता शाल कोणत्या तोंडाने मागणार?

बायनाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "शालीचं काय म्हनत होते, दादा?"

"काय न्हाई," किशनराव पेला रिकामा करून म्हणाले. "पानी लय गार हाय, असं म्हनत होतो."

त्यांचा सत्कार शेवटी टॉवेलवर झाला. टॉवेलवर हळदीचा डाग होता, तो योगीराजने हारामागे झाकला.

मी मात्र आठ दिवस रुसून होते. कुणी मोबाइल काढला की काठ सावरून बसे, पण लोक फोन कानाला लावून बसमध्ये चढत. मग एका दुपारी पिंगळीकडच्या एका बाईने बाळाला पाणी पाजले आणि माझ्या ओल्या काठाने त्याचे तापलेले तोंड पुसले. माझ्याकडे तिने धड पाहिलेही नाही. तरी मला इतके बरे वाटले, की त्या दिवशी मी अंगठ्यांची आठवणच काढली नाही.

आता माझा रंग उडाला आहे, काठाची जरही सुटली आहे. मित्रांनो, कुणाचा सत्कार केलात तर फोटो खुशाल काढा, पण शाल घरी जाऊ द्या. आणि कधी आमच्या थांब्यावर उतरलात, तर पाणी पिऊन झाल्यावर आडाकडे एक खेप घाला. बायनाबाईंचे गुडघे फार दुखतात, आणि त्या दोनशे अंगठ्यांपैकी एकानेही अजून त्यांची घागर उचललेली नाही.