चौथी तुळई

डब्लिनचं विमान दोन तास उशिरा सेव्हिलला उतरलं आणि माझी बॅग आलीच नाही. तक्रारीच्या खिडकीपाशी ही रांग! मी तिकडे पाठ फिरवली आणि टॅक्सी पकडली.

अकराला आमच्या मंडळाचे मुकादम निकासिओकाका पालखीच्या भोयांची उंची जुळवणार होते. आज जो हजर नाही, त्याला ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पालखीखाली जागा नाही. यंदा पहिल्यांदाच बायकांना परवानगी मिळाली होती, आणि बाबा गेल्यामुळे पालखीखालच्या आडव्या तुळयांपैकी चौथीवर त्यांची जागा रिकामी होती. मला तीच हवी होती.

"आली आयर्लंडची पाहुणी!" सेराफिन अंगणातून ओरडला. तीस वर्षं तो बाबांच्या शेजारी तुळई मानेवर घेत आला होता. "आम्पारो, पालखी उचलायचीय, चाकांची बॅग नाही ओढायची."

"तुझ्या पोटापेक्षा हलकीच असेल," मी म्हटलं.

काका एकेकाच्या मानेच्या मणक्यावर बोट टेकवत, उंचांना पुढच्या तुळईवर, बुटक्यांना मागच्या तुळईवर सरकवत आले. मला त्यांनी सेराफिनशेजारी उभं केलं. दोघांचे मणके अगदी एका रेषेत.

"चौथी," ते म्हणाले. मला रडूच फुटलं.

डोळे पुसताना खाली लक्ष गेलं. सगळ्यांच्या पायांत पालखीचे सपाट बूट. माझे बॅगेत राहिले होते आणि पायांत होते जाड, मऊ तळाचे. वजन आलं की हे दबणार, मी तुळईखालून खाली जाणार आणि माझा भार सेराफिनच्या दुखऱ्या मानेवर पडणार. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी गप्प बसले. काकांनी माझं नाव लिहायला वही उघडली तरी गप्पच.

"काका, थांबा." मी बूट काढले. "परत मोजा."

त्यांचं बोट बरंच खाली टेकलं. "सहावी. पण तिथे जागा नाही गं. राखीव म्हणून लिहू? सहा रविवार सराव. एक चुकला की नाव कटलं. आणि सगळे करूनही पालखीखाली जायला मिळेलच असं नाही."

"लिहा."

"अगं, दर रविवारी विमानाने येणार?" सेराफिन म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता.

"हो, दर रविवारी."

काकांनी बाबांच्या जागी एका नव्या माणसाला उभं केलं. उंच, बुजलेला, मी कधी न पाहिलेला. मला त्याचा राग आला, चांगलाच आला. मग गार फरशीवरून अनवाणीच मी त्याच्याजवळ गेले.

"वळणावर ही तुळई डावीकडे जड होते," मी म्हटलं. "बाबा तिथे आधीच श्वास भरून घ्यायचे. रविवारी दाखवते."