बारा नंबरची नळी

अंजनानं वही तानीबाईच्या पुढ्यात उघडली आणि बारा नंबरवर बोट ठेवलं.

"मावशी, ही मालुबाई कोण?"

तानीबाईनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. निपाणीत मालुबाया काय कमी होत्या? एक तर वखारीत तंबाखू चाळायची. ती एकदा अशी शिंकली, की दारातला टांगा उलटला आणि घोडा थेट संकेश्वरात जाऊन थांबला. तानीबाई रंगात येऊन सांगत होती, पण भाची हसली नाही. हीच पोरगी लहानपणी असल्या गोष्टींसाठी ताटावरनं उठून यायची. आता मुंबईच्या प्रयोगशाळेत आठ वर्षं रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होती.

तंबाखूच्या धुरळ्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी वखारीतल्या वीस धडधाकट बायकांचं रक्त पाहिजे होतं. मागच्या दिवाळीला ती नळ्या, बर्फाची पेटी आणि एक नर्स घेऊन आली, तर सुई बघून बायका पळाल्या. मग तानीबाई गल्लीभर फिरली. रक्त दिलं की म्हातारीला नवे दात फुटतात, मला कालच एक दाढ आली, म्हणून सांगत सुटली. बायका हसत हसत रांगेत आल्या. दोन दिवसांत वीस नळ्या भरल्या.

"दोन माणसांच्या पेशी एका नळीत ठेवल्या की भांडतात," अंजना म्हणाली. "सगळ्यांच्या भांडल्या. बारा आणि सतरा तेवढ्या गप बसल्या. सतरा नंबर तू हाईस."

तानीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पहिल्या दिवशी मी मालुबाई म्हणून दिलं. डोळ्यांपतूर पदर वढला हुता. तू आत पेटीपाशी हुतीस. नर्स धारवाडची, तिला काय म्हाईत? दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं दिलं."

"आईचं नाव का सांगितलंस?"

मालुबाई म्हणजे तानीबाईची थोरली बहीण, अंजनाची आई. बाहत्तर साली तिला रक्ताचाच कॅन्सर झाला. बेळगावच्या दवाखान्यातनं निरोप आला, रक्त पाहिजे, बहिणीला पाठवा. पण वखारीतल्या खिडकीजवळच्या जागेवरनं दोघींचं बिनसलेलं, दीड वर्ष बोलणं नव्हतं. तानीबाई दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी एसटीनं गेली, तेव्हा खाट रिकामी होती. अंजना त्या साली मॅट्रिकला होती.

"आक्काला दिलं न्हाई ते," तानीबाई म्हणाली, "म्हटलं, तिच्या नावानं तरी जाऊ दे."

अंजनानं पेन काढलं आणि बारा नंबरवर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली. छापायला धाडलेला लेख तिनं आधीच परत मागवला होता. तिच्या वरच्या साहेबांनी एका नळीनं काय बिघडतंय, लेख जाऊ दे तसाच, असं सुचवून बघितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं.

"मग तुझं काम?"

"गेलं एक वर्ष पुढं. पुन्यांदा रक्त घ्यायला पाहिजे."

तानीबाईनं चुलीवर चहा ठेवला.

"अंजे, आक्काचं आणि माझं येका नळीत ठेवलं असतंस, तर गं?"

सख्ख्या बहिणींचंसुद्धा चारात एकदाच जुळतं. रोग्यांच्या किती भावाबहिणींना अंजनानं हे तोंडावर सांगितलं होतं. कुणी रडलं तरी तिनं आकडा कधी बदलला नव्हता.

"भांडलं नसतं, मावशी," ती म्हणाली.

मग तिनं वही कापडात गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

तानीबाईनं साठ वर्षं थापा मारण्यात घालवली होती. थाप मारताना माणसाच्या हातांना काहीतरी काम लागतं, हे तिच्याएवढं गल्लीत कुणाला ठाऊक होतं? आणि ही तर अगदीच नवशिकी.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटतंय."

तिनं कप पुसून भाचीपुढं ठेवला आणि चहा काठोकाठ ओतला.