शनिवारचं तेल

"तेल उंबऱ्याच्या आत आनायचं नाय! आज शनिवार हाय!" मालनबाई दारात हात आडवे लावून उभी राहिली आणि सलाउद्दीन पायरीवरच डबा धरून थांबला.

आतल्या खोलीत तिची सून चंद्रभागा सकाळपासून अडली होती. बायडाबाई सुईणीनं घरातलं होतं नव्हतं तेवढं तेल तिच्या पोटाला चोळून संपवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "पोर आडवं हाय. माज्या हाताला यायचं नाय. दिवस मावळायच्या आत नाशकाची डॉक्टरीन आना." आमचं गाव नाशकापासून लांब, गिरणाऱ्याच्याही पलीकडं. बैलगाडीनं जाऊन परत यायचं तर रात्रच व्हायची. पण चंद्रभागेचा नवरा खंडेराव याच्याकडे फटफटी होती. देवळालीच्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना विकलेली. पंचक्रोशीत तसलं दुसरं वाहन नव्हतं आणि खंडेरावानं हे आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

फटफटीचं खाणं मोठं नखऱ्याचं. सोळा मापं पेट्रोल, एक माप मशीनचं तेल, दोन्ही डब्यात घालून हलवायचं आणि मग टाकीत ओतायचं. खंडेराव हे काम ओट्यावर माणसं जमवून करायचा. "तेल कमी पडलं तर इंजिन जळतंय, जादा झालं तर धुरानं गुदमरतंय," असं आम्हाला शिकवायचा. त्या दिवशी पेट्रोल होतं, पण तेलाची बाटली कोरडी. म्हणून मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनावर कामाला असलेल्या सलाउद्दीनला निरोप गेला आणि तो बिचारा चैताच्या उन्हात तापलेल्या ढेकळांतून अनवाणी पळत आला होता.

"मावशी, हे खायाचं तेल नाय, मशीनचं हाय," तो म्हणाला.

"तेल ते तेल. शनिवारी तेल घरात घेतलं की मागनं शनी येतो. आन् आज तर घरात बाई अडलीया."

"मग गाडी रस्त्यावर काढू. भाईरच्या भाईर घालतो."

"आन् ती गाडी परत कुठं येनार? याच घरात ना? तिच्या पोटात घालून तेल आत आनायची युक्ती मला कळंना व्हय रं?"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. पण आतून चंद्रभागा ओरडत होती, "आत्याबाय, घेऊ द्या वो तेल! मी मरंन वो!"

"कुनी मरत नाय. आमी बी बाळंत झालोच की!" मालनबाईनं मागं न बघताच उत्तर दिलं.

सलाउद्दीन खंडेरावाकडे वळला. "मालक, या गाडीला तेल घालायची दुसरी जागाच नाय. पेट्रोलात मिसळून जाईल तेवढंच आत पोचतं. नुसत्या पेट्रोलवर वाटेतलं गंगापूर बी गाठायची नाय. तुमाला म्या सांगायला पायजे का?"

खंडेरावाला ते ठाऊक होतं. म्हणून तर मला म्हातारीपेक्षा त्याचा संताप येतो. तिला काही कळत नव्हतं, याला सगळं कळत होतं.

"तेल घातलंस तर माज्या गळ्याची आन!" मालनबाई म्हणाली.

झालं. एवढ्या मोठ्या बाप्याची मान खाली गेली. "टाकीच्या बुडाला मागचं थोडं असंलच," असं पुटपुटत त्यानं नुसतं पेट्रोल ओतलं आणि लाथ मारली. फटफटी सुरू झाली. म्हातारी वेशीपर्यंत तिच्या मागोमाग चालत गेली, वाटेत कुणी तेल घालू नये म्हणून. नेहमीचा निळा धूर त्या दिवशी फारसा दिसला नाही.

"बघा, तेलाबिगर बी चालती की!" ती आम्हाला म्हणाली. "उलट धूर बी कमी झाला."

आन पडली होती म्हणून सलाउद्दीननं डबा पायरीवरच सोडला आणि गाडी वाटेत बसणार हे ओळखून तिच्यामागं धावत सुटला. गंगापूरच्या अलीकडे खंडेराव त्याला बाभळीखाली बसलेला सापडला. गाडी तव्यासारखी तापलेली, लाथ मारली तरी इंजिन हलेना.

"तेलाबिगर इंजिनाचा दट्ट्या नळीत चिकटलाय, आता फिरायचा नाय," सलाउद्दीन म्हणाला.

"मला लय भ्या वाटतंय रं," खंडेराव म्हणाला आणि बसूनच राहिला. सलाउद्दीन मात्र नाशकाकडे पळत गेला.

तो डॉक्टरणीला टांग्यातून घेऊन आला तेव्हा दिवस मावळत होता आणि बायका अंगणात पाणी तापवत होत्या. ते पाणी कशासाठी, हे डॉक्टरणीला सांगावं लागलं नाही. आई गेली, पोरही पोटातच गेलं. खंडेराव त्याच टांग्यातून उतरला आणि बैलाच्या दावणीपाशी जाऊन उभा राहिला.

घरात मालनबाई सुनेच्या उशाशी बसून रडत होती. खोटं नव्हे, खरंच रडत होती. मध्येच तिनं डोळे पुसले आणि इकडंतिकडं पाहिलं.

"बायडे, पोरीच्या उशाला दिवा नाय गं. घरात तेलाचा थेंब नाय. जा, तेल्याकडनं घेऊन ये."

बायडाबाई जागची हलली नाही. "आवो, पन आज शनिवार हाय ना?"

"सुतकात कसला आलाय शनिवार?" मालनबाई म्हणाली. "जा लवकर, अंधार पडाया लागला."

बायडाबाई गेली आणि तेलानं भरलेलं भांडं घेऊन आली. पायरीवर सलाउद्दीनचा डबा अजून तिथंच होता. तिनं तो पायानं बाजूला सारला आणि तेल घेऊन उंबरा ओलांडला.