शेवाळ आणि उजवा हात

"ताई, कॉलेजात शिकलेलं सगळं एका परीक्षेत मोजता येतं का?"

प्रश्न माझा नव्हताच, माझ्या बाकावरच्या हिराने पैज लावली होती. "विचारून दाखव नंदू, निरीक्षक मॅडम मागे बसलेल्या असताना!"

तेजस्विनीताई बी.एड. करतायत आणि आमच्या दहावी ब वर सराव पाठ घेतात. पदवीवाल्यांची देशभर एकच परीक्षा असते ना, सगळ्या विषयांचं थोडंथोडं विचारणारी, ती त्यांनी नुकतीच दिलीये. त्यावरून त्या आणि त्यांच्याच बॅचचे इंद्रजीत सर जिन्यात भांडतात, रोज!

सराव पाठात ताईंचा आणि आमचा गुप्त करार असतो. उत्तर येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा. मॅडमना अख्खा वर्ग हुशार दिसतो. मी कायम डावी. घरीसुद्धा, पप्पा "दहावीनंतर सायन्सच ना?" विचारतात तेव्हा मनातल्या मनात डावाच.

आज उजवा केला. ताईंनी विश्वासाने माझं नाव घेतलं आणि मी हे विचारलं! मॅडमचं पेन थांबलं. गेले ताईंचे मार्क.

ताई खिडकीकडे वळल्या. उन्हात खडूची धूळ सावकाश तरंगत होती.

"इंद्रजीत सर म्हणतात, येतं. लहान कॉलेज, मोठं कॉलेज, सगळ्यांना एकच फूटपट्टी. खरंय ते. पण माझा विषय इतिहास आणि पेपरात विचारलं शेवाळ. येईना. मग खडकवासल्याच्या काठचं शेवाळच दिसत राहिलं, हिरवंगार, ओलं. वेळ संपली. घरी येऊन शेवाळावर केवढं वाचलं! त्याला कोण मार्क देणार? तिथे डावा हात वर करायची सोयच नाही गं."

करार फुटला!

मागून मॅडम म्हणाल्या, "आमच्या वेळी उत्तर येणाऱ्यांचा डावा असायचा. चालू द्या."

सगळे हसले, पण मला ते लांबून ऐकू आलं. डोळ्यांपुढे परीक्षेचा केवढा तरी मोठा हॉल होता, हिरव्या उजेडाचा. हजारो पानं एकदम उलटत होती आणि एका कोपऱ्यात कुणीतरी हळूच डावा हात वर करत होतं. मी खडू घेऊन त्याच्याकडे चालले होते.

बिबवेवाडीला घरी पोचेपर्यंत मी तरंगतच होते. आई पोळ्या लाटत होती. पप्पांनी विचारलंच, "मग, राजनंदिनीबाई? सायन्सचं काय ठरलं?"

मी उजवा हात वर केला, सरळ, पंख्यापर्यंत.

"पप्पा, आई, मी आर्ट्स घेणार. मग बी.एड. मला शिकवायचंय!"