नदीपलीकडच्या होड्या

ताईने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्याच हाताने माउस पुढे सरकवला. पडद्यावरचे भालेकरी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तिने नदीचा काठ वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घातला, 'खेळी संपली' या बटणावर टिचकी मारली आणि शत्रू काय करतो ते बघत बसली.

हा खेळ बुद्धिबळासारखा आळीपाळीचा. आधी आपण आपलं सैन्य हलवायचं, मग संगणक त्याचं हलवणार. घाई कोणालाच नसते, त्यामुळे चुकलं तर सबबही मिळत नाही. नकाशा मात्र खेळाबरोबर आलेला नव्हता. तो धाकट्या भावाने स्वतः बनवला होता आणि बनवताना दयामाया खुंटीला टांगून ठेवली होती. मध्ये नदी, तिच्यावर एकच पूल. अलीकडे ताईची राजधानी, तिच्यात तिचा राजा. पलीकडे शत्रूचा किल्ला, तो घेतला की जिंकलो. राजा पडला की डाव संपला. सगळी ताकद पुलावर लावावी, तर शत्रू खालच्या अंगाने होड्यांतून माणसं उतरवून राजाला गाठी. राजधानी सांभाळत बसावं, तर पूल हातचा जाई. खुद्द धाकट्याला तो जिंकायला अख्खा हिवाळा लागला होता. नकाशा आधी आपण जिंकायचा, मगच दुसऱ्याला द्यायचा आणि एकदा दिला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही, हा असे नकाशे बनवणाऱ्या मंडळींचा धर्म.

डोक्यात रक्ताची गाठ होण्याआधी ताई बस डेपोत वेळापत्रकं लावायची. कोणती बस कधी सुटेल, अरुंद रस्त्यावर कोण कोणासाठी थांबेल, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. आता डॉक्टर म्हणत होते, कामावर जायला हरकत नाही. डेपोचे साहेब म्हणत होते, महिनाअखेरपर्यंत खुर्ची राखून ठेवतो. भरवसा उरला नव्हता तो ताईचाच. गॅसवर दूध ठेवून ती विसरायची. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन परत फिरायचं. उद्या दोन भरलेल्या बस एकाच घाटात समोरासमोर घातल्या तर, या विचाराने तिला घाम फुटायचा. म्हणून एक दिवस तिने घरात सांगून टाकलं, "याचा नकाशा सुटला तर कामावर जाईन. नाही सुटला तर राजीनामा."

"नकाशाचा नि नोकरीचा काय संबंध?" आईने विचारलं.

"डोकं तेच आहे ना," ताई म्हणाली.

तेव्हापासून रोज दुपारी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसे आणि रोज हरे. आई भाजी निवडता निवडता विचारायची, "आज काय?"

"बुडालो."

मग आई भाजी गरजेपेक्षा जास्त वेळ निवडत राहायची.

आज वारं फिरलं होतं. पूल ताब्यात आला होता आणि राजधानीकडे कोणी फिरकलंही नव्हतं. ताईला इतका आनंद झाला की तिने आईला हाक मारायला तोंड उघडलं. मग म्हटलं, जिंकल्यावरच सांगू. घोडेस्वार पूल ओलांडून पलीकडे गेले, तसा धुक्याने झाकलेला काठ उघडा झाला. तिथे पाच होड्या ओळीने बांधलेल्या होत्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. किल्ला दोन खेळ्यांवर होता, घास अगदी हातातोंडाशी आलेला. ताईने माउसवरचा हात काढला. माणसंच नाहीत, तर होड्या बांधल्या कोणासाठी?

संध्याकाळी धाकटा छापखान्यातून आला. चप्पल काढता काढता, पडद्याकडे न बघताच म्हणाला, "जिंकलीस वाटतं?"

खाई त्याला खवखवे.

"बस जरा," ताई म्हणाली. तो स्टुलावर टेकला. "होड्यांतली माणसं कुठे गेली रे?"

तो नखांतली शाई कोरत राहिला. "सकाळी काढली मी," तो शेवटी म्हणाला. "तुझा चेहरा बघवत नव्हता, ताई."

"माणसं काढलीस आणि होड्या ठेवल्यास. चोरी करायची, तीही अर्धवट."

"कामावर जायच्या घाईत राहिल्या."

"माणसं परत ठेव."

"अगं, महिना संपत आलाय. एवढ्यात तुला—"

"ठेव म्हणते ना."

त्याने ठेवली. ताईला राग आला होताच, पण त्याहून वाईट वाटलं होतं. लहान मुलाला पत्त्यांत जिंकू देतात, तसं आपल्या पाठच्या भावाने आपल्याला जिंकू द्यावं!

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला पाढा. होड्या भरून आल्या, राजा पडला. तिने भालेकरी काठावर ठेवून पाहिले; पूल गेला. पुलावर ठेवून पाहिले, राजा गेला. हात भरून आला की ती तो चोळत बसे आणि परत नवा डाव मांडे. आईने एकदा दबकत सुचवलं की एखादा दिवस सोडून दे. ताई म्हणाली, "एकदा सोडला की हातून गेला, आई." आई गुपचूप चहा ठेवून गेली.

मग एका दुपारी होड्या आल्या, तेव्हा ताईने त्या कुठे लागतात ते पाहिलंच नाही. त्या जिथून निघाल्या, तिथे पाहिलं. होड्या भरायला शत्रू आपला किल्ला रिकामा करत होता. आणि आपण इतके दिवस राजाला कोंबडीने अंड्यावर बसावं तसं राजधानीत बसवून ठेवलं होतं.

नवा डाव मांडला तो सुट्टीच्या दिवशी. धाकटा मागे उभा होता. ताईने राजाला घोडेस्वारांबरोबर बाहेर काढलं आणि राजधानीचे दरवाजे सताड उघडे टाकले.

"ताई, अगं—"

"गप्प बस."

होड्या आल्या. शत्रूची फौज रिकाम्या राजधानीत शिरली आणि राजाला शोधत तिथेच अडकली. तोवर ताईचा राजा पूल ओलांडून गेला होता. किल्ल्यावर उरलेल्या पहारेकऱ्यांनी चिवट झुंज दिली, निम्मे घोडेस्वार गेले, पण संध्याकाळच्या आत तिचं निशाण वर चढलं.

धाकट्याचा जरा वेळ विश्वासच बसला नाही. "मी पूल जाळून जिंकलो होतो," तो म्हणाला. "राजाला बाहेर काढायचं मला सुचलंच नाही." मग त्याने टेबलावरचा फोन उचलून तिच्यापुढे धरला. "घे. आधी डेपोच्या साहेबांना कळव. आज महिन्याचा शेवटचा दिवस."

"कळवलंय. सोमवारपासून येते म्हणून."

"कधी कळवलंस?"

"तुला माणसं परत ठेवायला लावली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रिकाम्या होड्या खटकल्या, तेव्हाच कळलं डोकं जागेवर आहे."

त्याने फोन परत टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज थांबला.

"मग इतके दिवस जीव कशाला आटवत होतीस?"

"सोमवारनंतर दुपारचा वेळ कुठे मिळणार होता?" ताई म्हणाली.