तीन बोटांचा नियम

"आता विंडो पुन्हा गेली तर ड्रायरवाल्या सटवाजीनं कामाला यायचं न्हाई," बसलिंगप्पांनी परवाच, मिलच्या कालच्या सुट्टीआधी, बजावलं होतं. लातूरच्या या डाळमिलचे ते मालक. आणि त्यांच्या डोक्यात हे भरलं कुणी? मी! मी, मंजुश्री, त्यांच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणारी लई शहाणी.

मिलमध्ये टचची मोठी स्क्रीन नवीनच बसवली होती. तिच्यावर दोन-तीन विंडो उघड्या, त्यात ड्रायरची सगळ्यात पुढं. लागलेलं बोट कुठल्या विंडोचं समजायचं, हे माझा प्रोग्राम ठरवायचा. एक बोट टेकलं तर ते पुढच्या विंडोचं. दोन बोटं फाकवली तर तिच्यातलं चित्र मोठं. तीन बोटं आडवी ओढली, तर मात्र विंडोला विचारायचंच नाही. सरळ तिला मागं सारून दुसरी पुढं आणायची. ड्रायरची विंडो अशी दोनदा मागं गेली, तापमान वाढल्याची लाल पट्टी कुणाला दिसलीच नाही, आणि तूरडाळ करपली. मी सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं, "अप्पा, मशीन चुकत न्हाई. ड्रायरवाल्या मामांचाच हात लागत असंल."

म्हणून आज सकाळी मी सटवाजीमामांच्या मागंच उभी राहिले. मामा स्क्रीनपासून हातभर लांब. ड्रायर पेटलेला, तापमानाचा आकडा चढत चाललेला. चूक मामांची निघाली तर त्यांची नोकरी जाणार, माझी निघाली तर माझी अब्रू. आणि कशाला खोटं बोलू, मला माझ्या अब्रूचीच जास्त काळजी होती.

अप्पा पूजा आटपून आले. मामांनी हात जोडले, डोळे मिटले. अप्पांनी पुटपुटत चाळणीला विभूती लावली, मोटारीला लावली, मग स्क्रीनपुढं येऊन त्यांनीही डोळे मिटले. तीन बोटं काचेवर टेकवली आणि आडवी ओढली, कपाळावर ओढतात तश्शी.

विंडो गेली.

आगं माय!

"सटवाजी!" डोळे उघडताच अप्पा गरजले. "पुन्हा?"

"म्या हातबी लावला न्हाई, अप्पा!"

"मग काय भुतानं लावला? जा, कपडे बदल अन् घरी जा."

पाहिलं फक्त मी होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मामा खरंच वळले, दारापर्यंत गेले. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"अप्पा, विंडो तुमच्या बोटांनी गेली."

अप्पांनी राख लागलेली बोटं पाहिली. "म्हंजी? विभूती लावायची न्हाई?"

"लावा की! नको म्हणायची माझी काय टाप. नियमच मी चुकीचा लिहिला. वर आळ घातला मामांवर." मी मामांकडं वळले. "मामा, माफ करा."

त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते दारातच खाली बसले.

"ताई, काल नांदेडला जाऊन आलो," ते म्हणाले. "डॉक्टरला हात दावले, नकळत हलत्यात का इचारलं. त्यो म्हणला, हात चांगले हायत. पर माझाच इश्वास बसंना. तुमी म्हणला होता ना, मशीन चुकत न्हाई म्हून."